कारणाची रिकामी चौकट

मिलिंद,

तुझ्या निधनाची बातमी मंगळवारच्या अंकात पान पाचवर आली. सहा ओळी. नाव बरोबर आहे, वय बरोबर आहे, गाव बरोबर आहे. जलदानविधीचा वार आणि वेळ मी दोनदा ताडून पाहिली. दुसऱ्या ओळीत 'अल्पशा आजाराने' असे दोन शब्द आहेत. ते चूक आहेत. ते मी टाइप केले नाहीत, पण ते येणार हे मला माहीत होतं.

गुरुवारी तुझं सामान घेऊन मी सोनईजवळ तुझ्या गावी गेलो. डबा, स्वेटर, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, एक डायरी. तुझ्या आईने पिशवीतली एकेक वस्तू काढून जमिनीवर ओळीने मांडली. मग म्हणाली, "साहेब, येक इचारू का?"

"विचारा ना."

"कोंचा आजार हुता त्याला?"

तिने बाबासाहेबांच्या तसबिरीमागून आपल्या पेपराचं कात्रण काढलं. शेजारच्या पोरीकडून तिने ते वाचून घेतलं होतं. "तवा आटॅक आला म्हनले. बरं. पर हितं आजार लिवलाय. म्हंजी आदीपासनं हुता. मला न्हाई बोलला. तुमाला बोलला हुता का?"

"चहा ठेवू नका, मी घेऊन आलोय," असं काहीतरी मी म्हणालो.

"म्या त्याच्या तोंडाकडं नीट बघितलंच न्हाई बघा कदी. आला की आपलं जेवाय वाढायचं, गेला की डबा भरायचा." थोड्या वेळाने तिने मांडलेल्या वस्तूंवरून पुन्हा नजर फिरवली. "आन् चपला? अनवानीच आनला वो त्याला."

"ऑफिसात राहिल्या," मी म्हणालो. एवढं मात्र खरं होतं.

तीस वर्षं बातम्या तपासण्यात गेली. दोन साधे प्रश्न होते. दोन्हींची उत्तरं फक्त माझ्याकडे होती आणि मी ती न देता परत आलो. आज शनिवार आहे. उद्या तुझा जलदानविधी आहे. मला सगळं क्रमाने लिहून काढायला हवं, कारण मला तेवढंच येतं.

तू आलास तेव्हा तालुक्यांच्या निधनवार्ता एसटीच्या ड्रायव्हरच्या हातून पाकिटातून यायच्या. पाथर्डीची गाडी घाटात बंद पडली की पाथर्डीचा माणूस आपल्या पेपरात एक दिवस उशिरा मरायचा. दशक्रिया उरकल्यावर दशक्रियेचं निमंत्रण छापून आल्याची उदाहरणं आहेत. तू जिन्याखालच्या खोलीत एक संगणक बसवलास, तालुक्याच्या कार्यालयांत मोडेम दिलेस आणि तिथल्या बातमीदारांना पडद्यावरचा फॉर्म भरायला शिकवलंस. आमच्या त्या खोक्याला तू वेब सर्व्हर म्हणायचास. आम्ही सगळे खोकं म्हणायचो.

दोन महिने बरे गेले. मग संध्याकाळी पाचच्या सुमाराला सगळे तालुके एकदम फॉर्म उघडायला लागले आणि खोकं करकरायला लागलं. बत्तीस एमबी मेमरी. पुण्याहून जादा मेमरी यायची होती, ती काही आली नाही. तू मला समजावलंस की प्रत्येक बातमीदाराला उत्तर द्यायला आत प्रोग्रामची एक वेगळी प्रत उभी राहते आणि ती प्रत फॉर्म काढण्याचा, तारखा तपासण्याचा, गावांच्या यादीचा सगळा बोजा स्वतःच्या डोक्यावर घेऊन येते. पाच-सहा प्रती झाल्या की जागा संपते.

तुझा उपाय मी तेव्हा टिपून ठेवला होता, म्हणून आज शब्दशः देता येतो. "साहेब, एक आई असते आणि तिची पोरं. पोरं कामं करतात. आत्ता प्रत्येक पोर जन्मल्यावर आपलं आपलं शिकतंय. त्यापेक्षा जे सगळ्यांना लागतं ते आधीच आईत भरून ठेवायचं. मग पोरं ते घेऊनच जन्मतात आणि जागा एकदाच जाते."

पाथर्डीचे आपले बातमीदार अण्णा त्या दिवशी मोडेम बदलून घ्यायला आले होते. अण्णांचं एसटीडी बूथ आहे आणि निम्मं आयुष्य ऊसतोडीच्या टोळ्यांच्या बातम्या देण्यात गेलंय. ते लगेच म्हणाले, "म्हंजी टोळीगत. धा कोयते, म्हंजी धा जोडपी, हायेत म्हनून धा पाटे नेत्यात व्हय? येक पाटा, समद्या बाया त्याच्यावरच वाटत्यात."

"बरोबर, अण्णा," तू म्हणालास. "फक्त कुणी पाट्यावर स्वतःचं नाव कोरायला घेतलं, की तेवढ्यापुरता त्याला वेगळा पाटा द्यावा लागतो."

"मंग न्हाई कोरू द्यायचं. हाय काय त्यात!"

तू दोन दुपारी बसलास. सगळे सामाईक तुकडे, तू त्यांना मॉड्यूल म्हणायचास, सर्व्हर सुरू होतानाच आईत चढायला लागले. त्या संध्याकाळी पाच वाजले, सव्वापाच झाले, खोकं करकरलं नाही. नेवासा, शेवगाव, पाथर्डी सगळे एकाच वेळी आत होते. तू माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिलास. मी मान वर न करता म्हणालो, "चाललंय ना? मग जा." शाबासकी द्यायची राहिली ती तिथे.

निधनवार्तेचा नमुनाही आईतच भरायचा होता. तू विचारलंस, "नाव कुणाचं टाकू?"

"कुणाचंही टाक."

"असं कसं कुणाचंही? मेल्याच्या फॉर्मात जिवंत माणसाचं नाव कोण घालू देईल?" तू डेस्कवर सगळ्यांना विचारत फिरलास. प्रूफं वाचणारे काका म्हणाले, "माझं नको हां मिलिंद, आज अमावस्या आहे." कुणी म्हणालं, मालकांचं टाक. हशा झाला. शेवटी तू स्वतःचंच टाकलंस. नाव, गाव, पश्चात आई आणि बहीण. "आपण बौद्ध माणसं. आपल्याला शकुन-अपशकुन लागत नाही."

नमुना काढून टाकायचा राहिला. ही चूक तुझी होती आणि ती मी नोंदवून ठेवतो. आईत जे भरलं ते तिला पुन्हा उठवल्याशिवाय बदलत नाही. शिवाय शंभर कामं झाली की तू प्रत्येक पोराला निवृत्त करायचास आणि त्याच्या जागी नवं जन्मायचं. नव्या पोराच्या वाट्याला ज्याचा फॉर्म पहिल्यांदा यायचा, त्याला कोऱ्या चौकटींऐवजी तुझी निधनवार्ता दिसायची. एकदाच. पुन्हा उघडलं की कोरा.

पहिला फोन अण्णांचा. "साहेब, आवो मिलिंद बरा हाय ना?"

"माझ्यासमोर भजी खातोय."

"हितं मेलाय."

तू फोन घेतलास आणि त्यांना सांगितलंस, "अण्णा, माझं नाव दिसलं म्हणजे नवं पोर जन्माला आलं. पेढे वाटा."

पुढे ते आठवड्यातून दोनदा, तीनदा होऊ लागलं. नेवाशाचा बातमीदार फॉर्म उघडण्याआधी हात जोडायचा. काकांनी खोक्याला लिंबू-मिरची बांधली, ती तू काढून मिरची डब्यासोबत खाल्लीस. मी तुला दोनदा सांगितलं की नाव काढ. मला अपशकुनाचं काही नव्हतं. चुकीची माहिती आपल्या यंत्रात असू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. तू म्हणालास, "राहू द्या साहेब. मशीन नीट चाललंय हे मला त्यावरून कळतं."

आपलं खरं भांडण निराळ्या चौकटीवरून होतं आणि ते मिटलं नाही.

विधीच्या चौकटीत मी सरसकट 'दशक्रिया' भरायला सांगितलं होतं. तू म्हणालास, आमच्यात दशक्रिया नसते, जलदानविधी असतो. मी म्हणालो, दहांत नऊ जणांची असते. तू म्हणालास, मग दहाव्याने काय करायचं? ते तू जिंकलास. विधीची चौकट मोकळी राहिली.

कारणाची मात्र मी राहू दिली नाही. ती रिकामी असेल तर 'अल्पशा आजाराने' आपोआप पडलं पाहिजे, असा माझा आग्रह होता. घरचे लोक कारण सांगत नाहीत, बातमीदार विचारायला धजत नाही, बातमी अडून बसते. तू म्हणालास, "रिकामं असलं तर फॉर्म पुढे जाऊच द्यायचा नाही. विचारू दे त्यांना."

"दुःखाच्या घरी जाऊन कारण विचारायचं?"

"आपल्या पेपरात जळालेली सून पण अल्पशा आजारानेच जाते, साहेब. विहिरीत सापडलेली पण. आईत जे भरलं ते सगळ्या पोरांत उतरतं. म्हणून म्हणतो, तिच्यात खोटं भरू नका."

"ते खोटं नाही. ती पद्धत आहे."

माझी थोरली बहीण नेवाशाला वारली तेव्हा तुझ्या यंत्राने दहा मिनिटांत बातमी आणली. माझे मामेभाऊ सकाळी पेपर वाचून निघाले आणि वेळेवर पोहोचले. आठ दिवसांनी मी कामावर आलो. तू चहा आणून ठेवलास आणि हळूच म्हणालास, "ताई दोन वर्षं अंथरुणाला होत्या ना? मग अल्पशा कसं?" मी तुला बाहेर जायला सांगितलं. पाहुणे वेळेवर पोहोचले ते तुझ्यामुळे, हे माझ्या मनात होतं. ते बोललो नाही. जे बोललो ते तेवढंच.

आता दुसरी गोष्ट. नावाच्या गोंधळात ती कुणी पाहिली नाही.

संगणकाच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून दारावर पाटी आहे, 'चपला बाहेर काढाव्यात'. पाटीचा मजकूर माझा. त्याच धुळीसाठी सकाळ-दुपार फरशी ओल्या फडक्याने पुसायची, हाही नियम माझा. उन्हाळा लागल्यावर तू मला म्हणालास, "साहेब, खोक्याला हात लावला की झिणझिण्या येतात."

मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे. खोक्याच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जिरावी म्हणून कोळसा आणि मीठ भरून केलेला. तो ओला असेल तोवर काम करतो. आपल्याकडची जमीन मार्चपासून भेगाळते. वायरमन बोलवायचं मी मालकांना सांगितलं, ते हो म्हणाले, कुणी आलं नाही. मग तू रोज एक बादली पाणी त्या खड्ड्यात ओतायला लागलास. टँकरच्या दिवसांत पाणी जमिनीत घालतो म्हणून काकांनी तुला वेडा ठरवलं. "झाड लावलंय काय रे तिथं?" ते विचारायचे. "हो, काका. लोखंडाचं."

चार दिवस तू मोडेम दुरुस्तीला शेवगाव-पाथर्डीकडे गेलास. जाताना माझ्या टेबलावर वाकून म्हणालास, "मी नसताना तेवढी बादली टाकायला लावा. विसरू नका." मी पॅडवर लिहिलं, 'खड्डा – बादली'. ते पॅड आत्ता माझ्यासमोर आहे. त्या शब्दांखाली दोन रेघा आहेत. बादली एकदाही पडली नाही.

त्या चार दिवसांत तुझं नाव पाच वेळा आलं. अण्णांनी तू त्यांच्या बूथवर बसलेला असताना ते तुला दाखवलं, आणि म्हणे तुझ्या पाठीवर थाप मारून पाहिली, तू आहेस ना म्हणून. अख्खा जिल्हा पडद्याकडे बघत होता. खड्डा कोरडा पडत होता.

सोमवारी दुपारी तू परत आलास. फरशी नुकतीच पुसली होती. तू चपला बाहेर काढल्यास आणि आत गेलास. मी बातम्यांची कॉपी तपासत होतो. काहीतरी पडल्याचा आवाज आला, मोठा नव्हता. मी दारात गेलो. तू फरशीवर कुशीवर होतास आणि तुझा उजवा हात खोक्याच्या मागच्या पत्र्याला टेकलेला होता.

मी आधी वळून मेन स्विच बंद केला. मग तुला हात लावला.

हा क्रम मला कुणी विचारला नाही. बाकीचे आले तेव्हा मी तुला उचलत होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधी छातीत दुखायचं वगैरे?" बाजूला काका म्हणाले, "काम फार करायचा हो." डॉक्टरांनी मान हलवली. मालक फोनवर म्हणाले, "अटॅकच असणार. हल्ली पोरांना येतो." मी फोन धरून होतो. मला कुणी गप्प बसायला सांगितलं नाही. तेवढी सबबही माझ्याजवळ नाही.

संध्याकाळी बातमी मीच भरायला बसलो. खोकं मालकांच्या माणसाने पिन बदलून पुन्हा चालू केलं होतं. माझ्या वाट्याला कधी नव्हे ते नवं पोर आलं आणि फॉर्म उघडला तो भरलेलाच. नाव, गाव, पश्चात आई आणि बहीण. मला काही टाइप करावंच लागेना. मी वय तपासलं. विधीच्या चौकटीत जलदानविधी लिहिलं. कारणाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. मी ती रिकामी सोडली आणि बटण दाबलं.

मंगळवारी सकाळी मी वायरमनकडून टेस्टर मागून आणला आणि खोक्याच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. मी तो खिशात ठेवला. त्या दिवसापासून आत जाणाऱ्या प्रत्येकाला मी काही ना काही निमित्त काढून बाहेर थांबवलं, गुरुवारी तर खोलीला कुलूप लावून गेलो, पण पाटी तशीच ठेवली. माणूस किती दिवस असा पहारा करू शकतो, हे मला माहीत नव्हतं. पाच दिवस करू शकतो.

गुरुवारी तुझ्या गावाहून परतलो तेव्हा अण्णांचा फोन वाजत होता. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "साहेब, त्यो परत आलाय फॉर्मात."

"नवं पोर जन्मलं असेल, अण्णा."

"आता नका असं बोलू," ते म्हणाले. मग म्हणाले, "आजारी हुता का वो? माज्याकडं चार दीस हुता. दोन-दोन भाकरी खायचा, रानातनं शेतकऱ्याच्या पोरावानी चालायचा. मला तर काई दिसलं न्हाई. माजीच नजर गेली का काय?"

तुझी आई आणि अण्णा. दोघंही तुझ्या चेहऱ्यावर नसलेला आजार आठवून शोधत बसलेत. आणखी कोण कोण शोधत असेल, मला माहीत नाही. तू सांगितलं होतंस की आईत भरलेलं सगळीकडे उतरतं. मला वाटायचं, तू मेमरीबद्दल बोलतोयस. तू बातमीबद्दल बोलत होतास आणि मी वृत्तसंपादक होतो.

आज दुपारी मी अंगणातल्या खड्ड्यात सहा बादल्या पाणी ओतलं. काका बघत होते. या वेळी सातवी बादली त्यांनीच भरून आणली. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. त्यावर मी विश्वास ठेवला नाही. दारावरची पाटी उतरवली आणि पायात चपला घालून आत गेलो. खोक्याच्या कॅबिनेटला हात लावला नाही, फक्त कीबोर्डला.

तुझी डायरी परत करण्याआधी मी त्यातलं एक पान उतरवून घेतलं होतं. 'आई उठवण्याची रीत', खाली सात पायऱ्या, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात. त्याच पानाच्या तळाशी, कारणाच्या चौकटीसाठी तुला हवी असलेली ओळ लिहून ठेवलेली होती. कधीतरी मी ऐकेन म्हणून असेल. मी 'अल्पशा आजाराने' खोडलं, तुझी ओळ घातली आणि सगळ्या तालुक्यांना फोन करून सांगितलं की पाच मिनिटं थांबा. मग आई उठवली.

तुझं नाव नमुन्यात तसंच ठेवलं आहे. आता ती चूक राहिली नाही.

साडेपाचला अण्णांचा फोन. "साहेब, फॉर्म फुडं जाईना. कारन मागतोय."

"मग विचारा त्यांना."

"म्हातारी हाय. लेक म्हनतो, लिवा काईबी."

"काहीबी लिहू नका, अण्णा. विचारा."

त्यांनी फोन बाजूला ठेवला. लांबून बोलण्याचे आवाज आले, बराच वेळ. मग ते परत आले आणि म्हणाले, "सांगितलं त्यांनी." काय ते मी विचारलं नाही. फॉर्म माझ्यासमोर येणारच होता.

त्यानंतर मी तुझा फॉर्म पुन्हा भरला. वर 'दुरुस्ती' असं लिहिलं. कारणाच्या चौकटीशी तो मलाही अडला. मी लिहिलं: कार्यालयातील संगणकाच्या कॅबिनेटमध्ये वीज उतरली असता, तिचा धक्का बसून. त्यांना कोणताही आजार नव्हता. माहिती देणाऱ्याच्या चौकटीत माझं नाव घातलं. फॉर्म पुढे गेला. मालक ते सकाळी वाचतील, सगळ्यांबरोबर.

पण हे तुझ्या आईने शेजारच्या पोरीच्या तोंडून ऐकता कामा नये. बादलीचं तर पेपरात नाहीच, ते मलाच सांगावं लागेल. तुझ्या चपला मी पिशवीत घातल्या आहेत. सोनईची पहिली गाडी सहाला सुटते. आपल्या पेपरचे गठ्ठे त्याच गाडीच्या टपावरून जातात. मी आणि बातमी एकाच वेळी स्टँडवर उतरू. गठ्ठ्याची सुतळी सुटायच्या आत मला तुझ्या दारात पोहोचायचं आहे.